पीएच.डी.ची फेलोशिप: जाहिरात येण्याआधीच अर्धं काम उरकलेलं हवं

दरवर्षी मला असा एखादा तरी फोन येतोच. "ताई, जाहिरात निघालीय, शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. पण जात पडताळणी अजून हातात नाही आणि सर बाहेरगावी आहेत." मुलगी हुशार असते, विषय चांगला असतो, नोंदणीही झालेली असते. पण अर्ज भरायला दोन-तीन आठवडे मिळतात आणि पडताळणीला कित्येक महिने लागू शकतात. त्यापायी वर्ष वाया जातं. एका वर्षाची फेलोशिप म्हणजे आजच्या दराने साडेचार लाखांच्या आसपास रक्कम. शेतकऱ्याच्या किंवा शिपायाच्या घरातल्या मुलीसाठी एवढ्या पैशांवर पीएच.डी. चालू राहते की सुटते, हे ठरतं.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. केली. पहिलं दीड वर्ष एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून काढलं, मग फेलोशिप लागली. आता मागून येणाऱ्या मुलामुलींचे अर्ज वाचून देते. त्या अनुभवावरून, काय कधी करायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत संशोधन करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, पण हैदराबाद, दिल्ली किंवा गोव्यात शिकणाऱ्यांनाही बराचसा भाग लागू पडेल.

पहिली पायरी: आपण कुठे उभे आहोत ते लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर सहा गोष्टी लिहा: प्रवर्ग, विषय, जन्मतारीख, पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे की व्हायची आहे, पूर्णवेळ आहात की नोकरी सांभाळून, आणि घरचं वार्षिक उत्पन्न. साधं वाटतं, पण नव्वद टक्के गोंधळ इथेच मिटतो.

यातला नोंदणीचा मुद्दा सर्वांत जास्त चुकतो. काही फेलोशिप नोंदणीच्या आधीच मिळवता येतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, तशी. काहींना नोंदणी पक्की झाल्याचं विद्यापीठाचं पत्र लागतं; राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप त्या प्रकारच्या. आणि काही संशोधन निम्म्यावर आल्यावर, क्षेत्रकार्यासाठी किंवा परदेशी ग्रंथालयांसाठी असतात. नुसतं प्रवेशपत्र जोडून अर्ज केला आणि नोंदणीच्या पत्राअभावी बाद झाला, असे अर्ज मी स्वतः पाहिलेत. विद्यापीठाची संशोधन समिती विषय मंजूर करते, मग पत्र निघतं, आणि या दोन गोष्टींत काही महिन्यांचं अंतर पडू शकतं. समितीची बैठक कधी आहे हे पीएच.डी. विभागातल्या कर्मचाऱ्यांकडून आधीच काढून घ्या. त्यांच्याशी नीट ओळख ठेवा. पुढची पाच वर्षं तुमचा प्रत्येक कागद त्यांच्याच टेबलावरून जाणार आहे.

कुठली दारं उघडी आहेत

सुरुवात नेट-जेआरएफपासून. भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य, शिक्षणशास्त्र अशा विषयांसाठी ही परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सी वर्षातून दोनदा घेते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. तीन तास सलग. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के गुण लागतात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच परीक्षा देता येते, आणि द्यावीच. अभ्यास ताजा असतो, वयही हातात असतं.

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर महिना ३७,००० रुपये झाला. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन वरिष्ठ संशोधन फेलोशिप (एसआरएफ) मिळाली की ४२,०००. एकूण मुदत पाच वर्षं. वर घरभाडे भत्ता, आणि पुस्तकं, झेरॉक्स, प्रवास यांसाठी वर्षाला आकस्मिक निधी: मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याकडची सेट परीक्षा, जी महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं विद्यापीठ घेतं, तिच्यातून सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता मिळते, पण फेलोशिप मिळत नाही. सेट झाली म्हणून नेटकडे पाठ फिरवणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. दुसरी गोष्ट, एकाच परीक्षेच्या भरवशावर राहू नका. १८ जून २०२४ ला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली. त्या दोन-अडीच महिन्यांत ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता, त्यांचे हाल मी जवळून पाहिलेत.

विज्ञानाच्या मुलांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट वेगळी असते, आणि तिथे मात्र चुकीच्या उत्तराला गुण जातात. वैद्यकीय आणि जैवतंत्रज्ञान क्षेत्रांत आयसीएमआर आणि डीबीटी यांच्या स्वतंत्र परीक्षा आहेत. विद्यापीठात पहिले आलेल्यांनी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप जरूर पाहावी. आयआयटी, आयसर अशा संस्थांत पंतप्रधान संशोधन फेलोशिपने पहिली दोन वर्षं महिना ७०,००० पासून सुरुवात करून शेवटी ८०,००० पर्यंत रक्कम दिली आहे. विज्ञान शाखेतली माहिती विभागात आपोआप फिरत असते. मानव्य शाखेतल्यांना ती शोधावी लागते, म्हणून माझा भर तिकडे आहे.

अनुसूचित जाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांच्या केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिप नेटच्याच गुणवत्तेवर दिल्या जातात. म्हणजे नेटचा अर्ज भरतानाच प्रवर्गाचा रकाना आणि त्याखालचे पर्याय डोळ्यांत तेल घालून भरायचे. इथे एक खाच आहे: ओबीसीची राज्याची यादी आणि केंद्राची यादी एकच नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा, आणि केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढून ठेवा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय फेलोशिप आदिवासी कार्य मंत्रालय स्वतः देतं. वर्षाला ७५० जागा असतात आणि अर्ज स्वतंत्र पोर्टलवर भरायचा असतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप मात्र २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. जुन्या याद्यांत तिचं नाव अजून दिसतं, त्यावर विसंबू नका.

आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप तुमच्यासाठीच आहे. नेट लागत नाही, वयाची मर्यादा ४० पर्यंत, राखीव प्रवर्गांना ४५. अट एवढीच की पीएच.डी. पूर्णवेळ आणि नियमित हवी. जुळ्या बहिणींनाही, त्यांना भाऊ नसेल तर, अर्ज करता येतो. एकुलती असल्याचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं. इतकी चांगली योजना आणि विचारावं तर दहांतल्या आठ मुलींना माहीतच नसते. या लेखातलं दुसरं काही नाही तरी हे एक आपल्या मैत्रिणींना जरूर सांगा.

आता राज्याच्या संस्था. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजांसाठी पुण्याचीच सारथी. ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. महाराष्ट्राचा अधिवास, पक्की नोंदणी आणि प्रवर्गाचे कागद या समान अटी. बाकी निवडीची पद्धत वर्षावर्षाला बदलते: कधी मुलाखत, कधी चाळणी परीक्षा, जागांची संख्याही कमी-जास्त. २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी आणि महाज्योतीसाठी सामाईक चाळणी परीक्षा झाली, जुन्याच प्रश्नपत्रिकेतले प्रश्न आल्याच्या तक्रारीवरून ती वादात सापडली, आणि मुलांना पुढे कित्येक महिने ताटकळावं लागलं. मुलं हक्काच्या पैशांसाठी रस्त्यावर बसली होती. त्यातल्या अनेकांचे शोधप्रबंध त्या वर्षी जागचे हलले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सल्ला एकच: मागच्या वर्षीच्या जाहिरातीवरून तयारी करा, पण या वर्षीची जाहिरात आली की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नव्याने वाचा. आणि शुद्धिपत्रक आलं का हे आठवड्यातून दोनदा संकेतस्थळावर जाऊन बघा. मुदतवाढ आणि बदललेल्या अटी तिथेच गुपचूप येतात.

नेट नाही, वय उलटलं, कुठल्या प्रवर्गाच्या योजनेत बसत नाही, अशांनी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, डॉक्टरल फेलोशिप बघावी. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेचे पहिले सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. पूर्ण मुदतीच्या फेलोशिपखेरीज लेखनाच्या शेवटच्या टप्प्यासाठी अल्पमुदतीची मदतही इथे असते. इतिहासवाल्यांना आयसीएचआर, तत्त्वज्ञानवाल्यांना आयसीपीआर. लोककला, नाटक, संगीत यांवर काम करणाऱ्यांनी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे मराठीतूनही प्रस्ताव पाठवावा. भारतीय भाषांतले प्रस्ताव ते घेतात. वन्यजीव आणि निसर्गसंवर्धनावर काम असेल तर ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान क्षेत्रकार्याला मोठा हातभार लावतं. केंद्रीय विद्यापीठात, उदाहरणार्थ हैदराबाद, जेएनयू किंवा वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात, पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना नेट नसतानाही महिना ८,००० रुपयांची फेलोशिप मिळत आली आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण खोलीचं भाडं तरी निघतं.

परदेशी काही महिने जायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप (सहा ते नऊ महिने, भारतात पीएच.डी.ला नोंदणी असलेल्यांसाठी), जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण सेवेची (डाड) फेलोशिप, ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्ट. पूर्ण पदवीच परदेशात करायची असेल तर अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून मदत करते, पण ते परतफेडीचं कर्ज असतं, हे धरून चला. परदेशी फेलोशिपसाठी दीड वर्ष आधी लागावं लागतं, कारण तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचं संमतिपत्र हवं असतं आणि अनोळखी माणसाला पटवायला वेळ जातो.

कागद: कंटाळवाणं काम, पण अर्ज इथेच बुडतात

माझाच अनुभव सांगते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझं नाव आडनाव-नाव-वडिलांचं नाव या क्रमाने, आधारवर नाव आधी, आणि बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. तीन कागद, तीन नावं. फेलोशिप मंजूर झाल्यावर पहिले चार महिने पैसे आले नाहीत, कारण पोर्टलवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नव्हतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा त्रास तर याहून मोठा. त्यांना राजपत्रातल्या नोंदीची प्रत जवळ ठेवावी लागते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव मूळ धरा आणि आधार, पॅन, बँक पासबुक त्याला जुळवून घ्या. हे आज करा. जाहिरातीची वाट बघू नका.

मग बाकीची फाईल. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर (मुदत कधी संपते ते पेन्सिलीने वर लिहून ठेवा), उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, पदवी आणि पदव्युत्तरच्या सगळ्या गुणपत्रिका, पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेटचा निकाल, नोंदणीचं पत्र, मार्गदर्शकाच्या मान्यतेचं पत्र, संशोधन केंद्राचं बोनाफाईड. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर नव्या आर्थिक वर्षात, एप्रिल-मे मध्ये काढलेले बरे. जूननंतर प्रवेशाच्या गर्दीने सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

प्रत्येक कागद स्कॅन करताना पानाची चारही टोकं दिसली पाहिजेत, गोल शिक्का वाचता आला पाहिजे, आणि फाईलचं नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता असावं. एकेका कागदाच्या दोन प्रती ठेवा: एक स्वच्छ मोठी, एक कमी आकाराची. शेवटच्या रात्री पोर्टल '२०० केबीपेक्षा मोठी फाईल चालणार नाही' म्हणतं, आणि तेव्हा लहान करायला गेलं की शिक्का पुसट होतो.

आणखी एक, जरा नाजूक. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर फेलोशिपच्या नियमांत ते चालतं का, किती तास चालतं, हे आधी वाचा. हमीपत्रात 'मी कुठेही पगारी काम करत नाही, दुसरी फेलोशिप घेत नाही' असं लिहून सही करायची असते. आपली परिस्थिती अशी की हे तास सोडणं जिवावर येतं, मला ते माहीत आहे. पण खोट्या हमीपत्रावर नंतर सगळी रक्कम वसूल होऊ शकते.

आराखडा: निवड समितीला तुमचा विषय माहीत नसतो

माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात आराखड्यांचं शीर्षक असं असतं: 'मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास'. पुढे चार पानं महाराष्ट्रातल्या सहकाराचा इतिहास, मग 'उद्दिष्टे' म्हणून सहा वाक्यं, सगळी 'अभ्यास करणे' वर संपणारी. निवड समितीत एखादे अर्थशास्त्राचे, एखाद्या इतिहासाच्या, एखादे प्रशासनातले असे लोक असतात. त्यांच्यासमोर शे-दोनशे आराखडे असतात. पहिल्या अर्ध्या पानात त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: प्रश्न काय, तो आजवर का सुटला नाही, आणि तुम्ही तो कसा सोडवणार.

बीडकडच्या एका मुलीचा आराखडा आम्ही दोघींनी बसून बदलला. तिला विचारलं, तुझ्या घरात तू काय पाहिलंस? ती म्हणाली, "आईबाबा दोघं जातात, पण मुकादम मोजतो एक कोयता." तिथेच विषय सापडला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, आणि मुकादम हंगामाआधी जी उचल देतो ती त्या कोयत्यावर देतो. मग बाईच्या श्रमाची किंमत कुठे मोजली जाते? उचल कोणाच्या हातात पडते? फिटली नाही तर पुढच्या हंगामाचं बंधन कोणावर येतं? नवरा वारला तर त्या बाईचा 'अर्धा कोयता' होतो, तिला काम कोण देतं?

नव्या आराखड्याची सुरुवात अशी झाली: "ऊसतोड कामगारांची मोजणी माणसांत न होता कोयत्यात होते. एका कोयत्यात दोन माणसं असतात, मात्र उचलीचा व्यवहार एकाशीच होतो. या व्यवहारात स्त्रीचा वाटा, तिची संमती आणि तिच्यावर येणारं कर्ज यांचा शोध बीड जिल्ह्यातल्या दोन गावांत, सलग दोन हंगाम घेण्याचं मी योजलं आहे." तीन वाक्यं. प्रश्न कळला, नवेपण कळलं, जागा आणि मुदत कळली. सहकाराचा इतिहास एका परिच्छेदावर आला.

तुमचा विषय कुठलाही असो, मोडी कागदपत्रं, शाळागळती, कोकणातली खारफुटी, हीच कसोटी लावा. आपला आराखडा दुसऱ्या विषयातल्या मित्राला वाचायला द्या, कागद मिटा आणि त्याला विचारा, "मी काय शोधतेय?" त्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

संशोधन पद्धतीत 'प्रश्नावली, मुलाखत व निरीक्षण' एवढं लिहून थांबू नका. किती मुलाखती, कोणाच्या, कुठे, कोणत्या महिन्यात? ऊसतोडीवर काम करणारी मुलगी जानेवारीत गावात गेली तर तिला म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील, कारण बाकीचे फडात असतात. वेळापत्रकात ऑक्टोबरच्या आधी गावात, हंगामात फडावर, आणि एप्रिलनंतर परत गावात असं लिहिलं, तेव्हा समितीतल्या एकांनी मुलाखतीत म्हटलं, "हिला ठाऊक आहे ती कुठे जाणार आहे ते."

वाङ्मयचौर्य तपासणीतून आराखडा काढून घ्या. आणि मागच्या वर्षी निवड झालेल्या कोणाचा आराखडा मिळाला तर तो मांडणी बघण्यापुरता वापरा.

खर्चाचा अंदाज

मासिक फेलोशिपला हा भाग लागत नाही, पण क्षेत्रकार्याच्या अनुदानांना लागतो, आणि इथे आपली मुलं संकोचाने कमी मागतात. 'प्रवास: २०,०००' अशी गोल रक्कम लिहू नका. किती फेऱ्या, कुठून कुठे, एका फेरीचं भाडं किती, राहण्याचे दिवस किती, असा गुणाकार मांडा. मुलींना एसटीत २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते तसंच धरा. खरा आकडा लिहिलेला दिसला की विश्वास बसतो. लिप्यंतराचा खर्च बहुतेक जण विसरतात. तासाभराची मुलाखत ऐकून उतरवून काढायला मला पाच-सहा तास लागायचे. ४० मुलाखती म्हणजे दोनशेहून जास्त तास. ते काम कोण करणार, किती पैशांत, हे अंदाजात आलंच पाहिजे.

शिफारसपत्र

मार्गदर्शकांना किमान तीन आठवडे आधी सांगा. नुसतं "सर, एक लेटर हवंय" म्हणू नका, त्यांना लिहायला हाताशी काहीतरी द्या. मी असा मेसेज पाठवायचे:

"नमस्कार मॅडम. आयसीएसएसआरच्या फेलोशिपसाठी अर्ज करते आहे, शेवटची तारीख २० आहे. सोबत आराखडा आणि जाहिरातीतला शिफारसपत्राचा नमुना जोडला आहे. आपल्या हाताखाली केलेल्या कामापैकी गेल्या वर्षीचं सर्वेक्षण आणि परिषदेतला निबंध यांचा उल्लेख झाला तर बरं होईल. १२ तारखेला विभागात येऊन पत्र घेतलं तर चालेल का?"

तारीख, नमुना, मुद्दे, भेटीचा दिवस. मोठ्या माणसांची कामं खूप असतात. आपण सोय करून दिली की तेही मनापासून लिहितात. दुसरं पत्र लागणार असेल तर एम.ए.च्या शिक्षकांशी संपर्क तुटू देऊ नका.

अर्ज आणि मुलाखत

अर्ज शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरा. शुल्क भरल्याची पावती, अर्जाची छापील प्रत, नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट, तिन्ही गोष्टी स्वतःला ईमेल करा. जिथे छापील प्रत टपालाने मागवतात तिथे स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा.

मुलाखतीत घोकलेलं बोलू नका. तीन प्रश्न हमखास येतात: हाच विषय का, यावर आधी कोणी काय केलंय, आणि हे मुदतीत पूर्ण कसं होणार. बहुतेक ठिकाणी मराठीतून उत्तर दिलेलं चालतं. सुरुवातीलाच नम्रपणे विचारून घ्या. एखादी गोष्ट माहीत नसेल तर "हे मी वाचलेलं नाही, वाचेन" म्हणा. आमच्या भागातली मुलं इंग्रजीच्या धास्तीने आपल्या तोंडपाठ विषयावरही गप्प होतात. तुमच्या गावाबद्दल त्या खोलीत सर्वांत जास्त माहिती तुम्हालाच आहे, हे ध्यानात ठेवून आत जा.

नाव आलं नाही तर गुण किंवा कारण कळवण्याची विनंती करा, सरकारी संस्था असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. तोच आराखडा सुधारून पुढच्या ठिकाणी पाठवा. माझा तिसऱ्या ठिकाणी मंजूर झाला, आणि पहिल्या दोन्ही नकारांनी तो बराच सुधारला होता.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्रातल्या अटी, विशेषतः मुदत आणि बंधनं, सहीआधी वाचा. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधलं संशोधन अर्धवट टाकून परतावं लागलं. ते पुरं करायला ते १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांवर पुन्हा गेले. फेलोशिपची मुदत आणि संशोधनाची गरज यांचा मेळ आजही आपोआप बसत नाही. नियम अनुमती देत असतील तेवढ्या मुदतवाढीचा अर्ज संपण्याच्या सहा महिने आधीच तयार ठेवा.

रुजू अहवाल द्या त्या दिवशी पोचपावती घ्या, कारण फेलोशिप कोणत्या तारखेपासून धरायची हे त्या कागदावरून ठरतं. जेआरएफसारख्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) फेलोशिपमध्ये विद्यापीठाला पोर्टलवर दर महिन्याला तुमची उपस्थिती कळवावी लागते. एक जण नोंद करतो, दुसरा ती तपासून पुढे पाठवतो. त्यांतला एक जरी रजेवर गेला तरी तुमचा महिना अडकतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विभागात एक चक्कर मारायची सवय लावा. दोन वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी एसआरएफच्या समितीसाठी प्रगती अहवाल आणि एखादा प्रकाशित निबंध तयार ठेवा. समिती उशिरा बसली तर वाढीव रक्कमही उशिरा येते.

आणि पहिले काही महिने पैसे येणारच नाहीत असं धरून चाला. मंजुरीपासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत चार-सहा महिने सहज जातात, नंतर थकबाकी एकदम येते. तेवढ्या दिवसांच्या मेस आणि भाड्याची सोय घरी बोलून आधी करून ठेवा. थकबाकी आली की आधी उसनवारी फेडा, मग रेकॉर्डर घ्या.